छत्तीसचा आकडा

मागील नाताळाच्या सुट्टीआधीची एक संध्याकाळ आमच्या मनात रुतून बसली आहे. एका शाळेच्या बालविभागाचे स्नेहसंमेलन होते. गळ्यात लाल टाय बांधलेला साडेचार वर्षांचा एक मुलगा मंचावर आला आणि ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून त्याने दोनपासून पंधरापर्यंतचे पाढे इंग्रजीतून जवळजवळ एका दमात म्हणून दाखवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांच्या हस्ते त्याला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस मिळाले. पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या आजीने पदराने डोळे टिपले.

अल्पोपाहाराच्या वेळी तो योगायोगाने आमच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या बशीत सहा छोटे वडे होते. आम्ही कौतुकाने म्हटले, ''बाळा, हे वडे आपण दोघांत सारखे वाटशील का रे?'' तो आमच्याकडे पाहत राहिला, मग बशीकडे, आणि शेवटी आईच्या तोंडाकडे. आई ओशाळून म्हणाली, ''सर, हे अजून त्यांना शिकवलेलं नाही.''

दहा मिनिटांपूर्वी ''टू थ्री जा सिक्स'' हे वाक्य त्याच मुलाने सभागृहाला ऐकवले होते. ते वाक्य त्याच्या बशीतच पडले होते. त्याला ते दिसले नाही. दोष त्याचा नव्हता. त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सर्वांचा होता.

आम्ही हा लेख कोणाही एका शाळेवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत गणिताच्या नावाखाली तीन ते सात वर्षांच्या मुलांना जे पाजले जात आहे, त्याविरुद्ध कोणीतरी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शंभरपर्यंत अंक लिहिण्याचा गृहपाठ, पाढ्यांची शर्यत, पाचव्या वर्षी अबॅकसचा क्लास आणि सहाव्या वर्षी शिकवणी, एवढ्याने मूल गणितात हुशार होते, हा समज आम्हांला खोटा वाटतो. इतकेच नव्हे, तर तो घातक वाटतो. कारण या मार्गाने मूल गणिताचे उत्तर शिकते, परंतु ते उत्तर खरे की खोटे हे स्वतः ठरवण्याचा अधिकार कायमचा दुसऱ्याच्या हाती देऊन बसते. आज आईच्या तोंडाकडे पाहणारे मूल उद्या गाइडच्या शेवटच्या पानाकडे पाहते.

आता दुसरा प्रसंग. मराठी माध्यमाच्या पहिलीत शिकणाऱ्या एका मुलीची वही आमच्या पाहण्यात आली. तिने तीनच्या जागी सहा काढला होता आणि सहाच्या जागी तीन. पानभर लाल फुल्या होत्या आणि खाली 'पन्नास वेळा लिहा' असा शेरा. तिने पन्नास वेळा लिहिले. पहिली दहा बरोबर होती. पुढे हात थकला आणि तीन पुन्हा उलटा फिरून सहा झाला.

आपल्या देवनागरी अंकांकडे क्षणभर पाहा. ३ आणि ६ ही जवळजवळ एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. ज्या लोकांनी 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार घडवला त्यांनी हे अचूक हेरले होते. ३६ लिहिले की तीन एकीकडे तोंड करतो आणि सहा दुसरीकडे. दोघांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या. म्हणून ज्यांचे पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा. आपल्या मायबोलीने सममितीचा एक धडा असा बोलण्यातच गुंफून ठेवला आहे, आणि आपण मात्र त्याच दोन अंकांवरून मुलीच्या वहीत फुल्या मारतो.

तिच्या चुकीमागे बुद्धीचा अभाव नाही. डावीकडे कान असलेला कप आणि उजवीकडे कान असलेला कप हा एकच कप होय, हे लहान मूल फार लवकर ओळखते. वस्तूचे तोंड फिरले तरी वस्तू तीच, ही जाण नसती तर आई कूस बदलल्यावर परकी वाटली असती. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांनी दाखवून दिले आहे, की आरशातील प्रतिमेला मूळ प्रतिमेशी एकरूप मानणे हा मानवी मेंदूचा स्वभावच आहे आणि वाचन-लेखन शिकताना अक्षरांपुरता तो स्वभाव मुलाला बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे त्या मुलीला एक मोठी गोष्ट येत होती. 'हे दोघे सारखे आहेत, फक्त उलटे आहेत' हे तिच्या डोळ्यांना कळत होते. त्याला शब्द मिळाला नव्हता. एक लहानसा आरसा ३ च्या शेजारी उभा धरून ''बघ, आरशात कोण दिसतो?'' एवढे विचारले असते, तर पन्नास ओळींचे काम एका हसण्यात झाले असते.

एखादी आकृती मधोमध दुमडल्यावर तिचे दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसत असतील, तर त्या गुणाला गणितात सममिती म्हणतात आणि घडीच्या रेषेला सममितीचा अक्ष म्हणतात. हे शब्द बालकाला सांगण्याची काही गरज नाही. 'सारखे', 'उलटे', 'अर्धे', 'जोडी', 'मधोमध', 'डावे-उजवे' एवढे घरचे शब्द पुरेत. ते मराठीत, कुपारीत, कोळी बोलीत, ज्या बोलीत आजी बोलते त्या बोलीत असावेत. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी परक्या भाषेतील आकड्यांची यादी घालून त्याचे घरचे हिशोबी शब्द हिरावून घेणे, हा आमच्या मते सुशिक्षित पालकांचा सर्वांत महागडा अडाणीपणा आहे.

परंतु सममितीच का? गणितात बेरीज-वजाबाकीही आहे. आमचे उत्तर असे, की सममितीत परीक्षक मुलाच्या हातातच असतो. एक चौरस कागद घ्या. तो उभा दुमडतो, आडवा दुमडतो आणि दोन्ही कर्णांवरही दुमडतो. चारही वेळा कडा जुळतात. आता वहीचे एक पान घ्या, लांबट, आयताकार. ''हे कुठे कुठे दुमडले तर जुळेल?'' असे विचारा. सहा-सात वर्षांचे मूल बहुधा चौरसाच्या अनुभवावरून सांगेल, की हेही चार प्रकारे जुळेल. कित्येक मोठी माणसेही तसेच सांगतात. मग ते कर्णावर दुमडू द्या. कोपरे एकमेकांना चुकवून बाहेर येतात! कर्णाने आयताचे दोन सारखे त्रिकोण होतात हे खरे. तरीही घडी जुळत नाही. मूल थबकते, उलगडते, पुन्हा दुमडते. त्या क्षणी त्याला कोणी 'चूक' म्हटलेले नसते. कागदाने सांगितलेले असते. आयताला चार नव्हे, दोनच अक्ष असतात हे ज्ञान त्याने स्वतः मिळवलेले असते आणि ते कोणत्याही परीक्षेत विसरले जाणार नाही. गणिती सिद्धतेची पहिली पायरी याहून निराळी ती कोणती? आपण बोललो, तपासले, चुकलो, कारण शोधले. पाढ्यांच्या शर्यतीत यातले काय घडते?

हे सारे साहित्य विकत आणावे लागत नाही. वसईच्या परिसरात जन्मलेल्या मुलाभोवती तर सममितीचे जणू भांडारच उघडे पडले आहे. वाडीतील विड्याचे पान मधल्या शिरेवर दुमडून पाहा. दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. एखादी कड किंचित बाहेर राहते. 'जुळते' आणि 'जवळजवळ जुळते' यांतील फरक मुलाला याच पानावर कळतो. समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या तिसऱ्यांच्या दोन शिंपा एकमेकींची प्रतिबिंबे असतात. टोपलीभर सुट्या शिंपांतून जोड्या लावण्याचा खेळ चार वर्षांचे मूल अर्धा तास खेळते. जे थोडेफार बावखल अद्याप बुजवलेले नाहीत, त्यांच्या काठावर सकाळी वारा पडलेला असताना उभे राहा. काठावरचा माड पाण्यात उलटा उभा असतो. इथे घडीची रेषा आडवी, म्हणजे पाण्याची कड. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या घालताना भांग हाच अक्ष असतो. ''डावीकडे किती पेड झाले? मग उजवीकडे किती हवेत?'' असे विचारायला आईला पदवी लागत नाही.

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात मुलाला दर्शनी भिंतीसमोर उभे करा. डावीकडे जी खिडकी आहे ती उजवीकडे आहे काय? खांब तेवढेच आहेत काय? आणि मग विचारा, ''असे काय आहे, जे एकाच बाजूला आहे?'' कुठे घंटेचा मनोरा एकाच अंगाला असतो, कुठे जिना, कुठे एखादी संगमरवरी पाटी. सममिती कुठे मोडली आहे हे शोधणे, ती पाहण्याइतकेच मोलाचे असते. किंबहुना तेव्हाच डोळा खऱ्या अर्थाने तुलना करू लागतो.

वयाचे भान मात्र ठेवावे. तीन वर्षांच्या मुलाला कागदावर रंगाचे चार थेंब टाकून तो दुमडू द्यावा. उलगडल्यावर उमटलेले फुलपाखरू पाहून त्याला जो आनंद होतो तेवढाच त्या वयाचा धडा. चौथ्या-पाचव्या वर्षी सुतळीची एक सरळ रेषा जमिनीवर मांडून एका बाजूला आपण चिंचोके मांडावेत आणि दुसऱ्या बाजूला मुलाने त्यांचे प्रतिबिंब मांडावे. रेषेपासून दोन बोटांवरचा चिंचोका पलीकडेही दोन बोटांवरच हवा, हे अंतराचे मोजमाप तिथे आपोआप येते. मग भूमिका उलटाव्यात: मुलाने मांडावे, आपण पुरे करावे आणि मुद्दाम एक चिंचोका चुकवावा. ती चूक पकडताना मुलाच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते पाढ्यांच्या बक्षिसाने येत नाही.

आणि नाताळचा तारा! बाजारातून तयार तारा आणून विजेच्या तारेला टांगणे सोपे. परंतु कागदाच्या दहा घड्या एका टोकाशी येतील असा दुमडून, कात्रीने एकच तिरकस काप देऊन उलगडला, की पाच टोकांचा तारा हातात येतो. घडी मोठ्यांनी घालावी, काप मुलाने द्यावा. एका कापाने पाच टोके कशी झाली? कारण ताऱ्याला पाच अक्ष आहेत आणि ते त्याचे दहा सारखे भाग करतात. कात्रीने ते दहाही एकदम कापले. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कोडे नाताळभर पुरते.

घरातील रोझरीच्या माळेचेच पाहा ना. प्रार्थनेच्या वेळी गणित शिकवावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. प्रार्थना ही प्रार्थनाच राहावी. पण आजीच्या मांडीवर बसून ती माळ बोटांनी चाचपणारे मूल दहा मणी, मग एक सुटा मणी, पुन्हा दहा मणी अशी पाच दशके हाताने अनुभवत असते. मारिया माँटेसोरी यांनी दशमान पद्धती शिकवण्यासाठी दहा सोनेरी मण्यांची सळई, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन ही साधने वापरली. दहाचा गठ्ठा बोटांना कळल्याशिवाय डोक्याला कळत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

हे सारे पाश्चात्त्यांचे किंवा शहरी श्रीमंतांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि लाकडी चेंडू, घन, दंडगोल हीच पुस्तके मानली. त्यांच्या पद्धतीत मुले ठोकळ्यांच्या सममित नक्षी मांडत; एका बाजूचा ठोकळा सरकवला, की समोरचाही सरकवायचा. माँटेसोरी यांचे पहिले बालगृह रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी उघडले. तिथली मुले श्रीमंतांची नव्हती. पुढे १९३९ मध्ये माँटेसोरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या.

आणि आपल्या दारातच काय घडले? १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी या दोघींनी शाळाच कुरणात नेली. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून पाने, बिया, खडे आणि शिंपले हीच साधने झाली. कोसबाड आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. वारली पाड्यावरील मुलांना जे शिक्षण साठ-सत्तर वर्षांपूर्वी मिळाले, ते आपल्या टाय बांधलेल्या मुलांना आज मिळत नाही, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

सरकारी कागदांवरही आता याच विचाराचे शिक्कामोर्तब झाले आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच मुलांच्या पाठीवरील आणि मनावरील ओझ्याबद्दल इशारा दिला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्याचा पुरस्कार केला. म्हणजे ऋषी बोलले, समिती बोलली, शासन बोलले. अडले आहे ते आपल्या उंबरठ्यावर.

आमचे म्हणणे खोडण्यासाठी जे आक्षेप घेतले जातात ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप: ''म्हणजे पाढे नकोतच काय?'' पाढे हवेत. आमच्या पिढीने ते घोकले आणि बाजारहाटात आजही ते उपयोगी पडतात. पण सहा वडे दोघांत वाटता येऊ लागल्यानंतर 'बे त्रिक सहा' पाठ केले, तर ते पाठांतर ज्ञानाची साठवण ठरते. आधी पाठ केले तर ती नुसती पोपटपंची. आमचा विरोध पाढ्यांना नाही, त्यांच्या घाईला आहे.

दुसरा आक्षेप: ''स्पर्धेच्या युगात आमचे मूल मागे पडेल.'' ज्याला चौथ्या वर्षी पंधराचा पाढा आला आणि सातव्या वर्षी अर्धा म्हणजे काय ते कळले नाही, ते मूल पुढे आहे असे कोणत्या मापाने म्हणायचे? अपूर्णांक, कोन, क्षेत्रफळ, आलेख या साऱ्यांची मुळे 'सारखे भाग' या एकाच अनुभवात आहेत. ते मूळ कच्चे राहिले, की पाचवीत मूल गणिताला भिऊ लागते आणि दहावीत घरदार.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ''आम्हांला वेळ नाही. पहाटेची लोकल धरायची, रात्री परतायचे.'' हे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण शिकवणीला पोहोचवण्यात, आणण्यात आणि गृहपाठावरून रडारड करण्यात रोज जो तास जातो, त्यातली पंधरा मिनिटे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मुलासोबत घालण्यात गेली, तर काय बिघडेल? घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना 'तुम्हांला काय कळतं' असे म्हणून गप्प बसवू नका. फुलांच्या माळा ओवून आणि पानांच्या चवडी लावून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या बोटांत नमुना, क्रम आणि सारखेपणा मुरलेला आहे.

शिक्षिकांविषयीही एक शब्द. त्यांना आम्ही दोष देत नाही. वर्गात मुले खेळताना दिसली, की 'फी कशासाठी भरतो?' म्हणून कार्यालयात जाणारे आपणच. वही भरलेली हवी असते ती आपल्याला. बालवाडीच्या बाई पन्नास वेळा लिहायला सांगतात, कारण ते पान संध्याकाळी आपण उघडणार असतो.

म्हणून आमचे मागणे आपल्या सर्वांकडे आहे. आपल्या धर्मग्रामांच्या बालवाड्यांतून सहा वर्षांखालील मुलांच्या अंकलेखनाच्या परीक्षा बंद व्हाव्यात. स्नेहसंमेलनात आणि सणाच्या कार्यक्रमांत लहानग्यांकडून पाढे म्हणवून घेण्याची प्रथा थांबावी. त्याऐवजी त्यांनी दुमडलेले, कापलेले, मांडलेले काम भिंतींवर लागावे. पालकसभेत एकदा तरी वहीच्या गोष्टी बाजूला ठेवून पालकांनाच कागद दुमडायला बसवावे. आयताला किती अक्ष, हे आधी मोठ्यांना विचारावे. आमची खात्री आहे, की निम्मे सभागृह चुकेल. आणि आपल्या चुकीवर कोणी फुली मारली नाही, याचे सुख त्या दिवशी आपल्याला कळेल.

त्या पहिलीतल्या मुलीकडे आम्ही नंतर एकदा गेलो, तेव्हा खिशात लहान आरसा नेला होता. तिने ३ काढला, आरसा धरला आणि आत सहा पाहून ती दचकलीच. मग तिने आपणहून दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहिले, आधी ३६ आणि त्याखाली ६३. बराच वेळ ती पाहत राहिली आणि म्हणाली, ''वरचे दोघे रुसलेत. खालचे बोलतायत.''

अंक तेच आहेत. आपल्या मुलांनी गणिताकडे पाठ करून बसावे की तोंड करून, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.